मदत हवी आहे: पाणी वाचवायला लॉनचा टायमर लावला, टाकीच रिकामी होतेय

राम राम मंडळी. जळगावात राहतो. घरापुढे साधारण ६० चौरस मीटर लॉन, जमीन काळी भारी. नळाला रोज पाणी नसतं, सगळी भिस्त २,००० लिटरच्या टाकीवर. म्हणून मागच्या महिन्यात कंट्रोलर, म्हणजे हा टायमर, बसवला. लॉनचे तीन भाग म्हणजे तीन झोन, २४ व्होल्टचे तीन सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह, पाणी आलं की जमिनीतून वर येणारे पॉप-अप फवारे. झालं उलटंच! आंघोळीला जावं तर टाकीत तळाशी थोडंसं पाणी.

सेटिंग असं: प्रोग्रॅम ए, रोज. पहिल्या झोनला सुरुवात ५:००, दुसऱ्याला ५:१५, तिसऱ्याला ५:३०, प्रत्येकी १२ मिनिटं. पावणेसहाला आटोपायला हवं. काल मुद्दाम ओट्यावर बसून पाहिलं, पावणेसात झाले तरी फवारे चालूच. एक झोन हाताने १२ मिनिटं चालवून स्टीलच्या वाट्या ठेवल्या, तर ८ मिमी पाणी भरलं.

व्हॉल्व्ह अडकतोय का? बसवणारा फोन उचलत नाही. रावेरचे मामा म्हणतात, त्यापेक्षा चार केळी लाव, घड तरी मिळतील. आखाजीला बहिणी यायच्या आत हे मिटवायचंय.

ठिबकवाला: व्हॉल्व्ह ठणठणीत आहे भो. सुरुवातीची वेळ झोनची नसते, अख्ख्या प्रोग्रॅमची असते. ५:०० दिली की तिन्ही झोन ओळीने चालतात. तुम्ही तीन वेळा दिल्या, म्हणजे अख्खी फेरी तीनदा. वेळा एकमेकींवर आल्या की बरेच कंट्रोलर पुढची फेरी रांगेत ठेवतात. ३६ गुणिले ३, १०८ मिनिटं. हेच तुमचे पावणेसात. चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर, तेव्हा फेरीला ४८० लिटर, रोजचे १,४४०.

आता वेळा तीनच ठेवा, पण ३:३०, ४:३०, ५:३०. झोनला ६ मिनिटं, आणि दिवसाआड. काळी माती सावकाश पिते, सलग दिलं की वरून वाहून जातं. मधल्या वेळात जिरेल. एकूण ७२० लिटर, तेही दोन दिवसांना. दुसऱ्या दिवशी खुरप्याने बोटभर उकरून ओल बघा, मगच मिनिटं वाढवा. पाऊस सुरू झाला की सीझनल ॲडजस्टचा (सगळ्या झोनची मिनिटं एकदम कमी-जास्त करणारी सेटिंग) टक्का उतरवा. लाइट गेल्यावर घड्याळ चुकू नये म्हणून आतला सेल तपासा.

प्रश्नकर्ता: मी तर प्रत्येक झोनला वेगळी वेळ द्यायची असं धरून चाललो होतो! आज टाकी अर्ध्याच्या वर आहे. फक्त गेटपाशी अजून डबकं साचतंय.

ठिबकवाला: फवारे बंद झाल्यावर साचतं का?

प्रश्नकर्ता: हो, बंद झाल्यावरच. तिथे उतार आहे.

ठिबकवाला: मग पाइपात उरलेलं पाणी सगळ्यात खालच्या फवाऱ्यातून निथळतंय. तेवढा एक बदला, चेक व्हॉल्व्हवाला (बंद झाल्यावर पाणी अडवून धरणारा) पॉप-अप मागा.