घाटमाथ्यावरचं दुकान: तुमच्याकडं कसं होतं?

गंगावेशीतली
काल माळा आवरताना आजोबांचं पितळी मापटं सापडलं. कडेला पोचा, तळ काळा पडलेला. हातात घेतलं आणि एकदम गगनबावड्याच्या दुकानाचा वास आला: रॉकेल, गूळ, ओली घोंगडी. म्हणून लिहायला बसलो.

दुकान म्हणजे घराचा पुढचा सोपाच. घाट चढून कोकणातनं मीठ, खोबरं, सुकट यायची आणि कोल्हापुरातनं गूळ, मिरची, कापड. आजोबांची खरी धावपळ मे महिन्यात. एकदा पाऊस लागला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी यायचं आणि गाडी बंद. मग चार महिन्यांचं मीठ, काडेपेट्या, चहापूड आधीच भरून ठेवायची. आजी काडेपेट्या पत्र्याच्या डब्यात घालून चुलीवरच्या फळीवर ठेवायची. तिथंच गुळाची ढेप. तरी श्रावणापर्यंत गुळाला पाणी सुटायचंच.

1957 ला नवे पैसे आले, पुढं किलोची वजनं आली, पण आमच्याकडं भात-नाचणी मापट्यानंच. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पावसाळाभर उधारी चालायची, ती सुगी झाल्यावर भातानं फिटायची. आजोबा देताना मापट्याला शीग लावून द्यायचे आणि उधारीचं भात घेताना वरनं हात फिरवून सपाट घ्यायचे. आजी म्हणायची, असं केल्यावर आपल्याला काय उरणार? ते काही बोलायचे नाहीत. मला ते आज कळतंय.

तुमच्याकडं पन्हाळा, आंबा, राधानगरी, आजरा, चंदगड कुठलंही असो, दुकान, हॉटेल, गिरणी, काय असेल ते सांगा.

लाल डबा
मुक्कामी गाडी!!! ती रात्री आली की गावाला वर्तमानपत्र, औषध, पाहुणा सगळं मिळायचं. पहाटे तीच गाडी आमचे जेवणाचे डबे घेऊन कोल्हापूरला जायची. मी बोर्डिंगला होतो. आई अंधारात उठून भाकरी थापायची, डब्याला खडूनं खूण करायची आणि वडील स्टँडवर कंडक्टरच्या हातात द्यायचे. आम्ही पोरं सीबीएसवर, म्हणजे कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर उभी. डबा उघडला की भाकरी अजून कोमट. घाट बंद झाला की दोन-दोन दिवस डबा नसायचा. भुकेपेक्षा आई रडत असेल याचंच जास्त वाटायचं.

करवंदाची जाळी
डबा वाचून डोळ्यात पाणी आलं दादा.
आम्ही पन्हाळ्याचे. आई तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही विकायची. दही पलीकडच्या धनगरवाड्यावरच्या मावशी आणायच्या, डोक्यावर बुट्टी, पायात काही नाही. उन्हाळ्यात मी आणि बहीण पानाच्या द्रोणात करवंदं. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की गुलालानं माखलेली माणसं वर यायची, तेवढ्या आठ दिवसांत आई आमच्या शाळेच्या वह्यांचे पैसे बाजूला काढायची. 2021 च्या जुलैत गडाचा रस्ता खचला तेव्हा वहिनी आईचीच चूल चालवत होती. गाड्या नाहीत तर गिऱ्हाईक नाही. किती दिवस नुसतं धुकं बघत बसलो आम्ही. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते.

मु. पो. आजरा
मापटं विकू नका ताई. भांडीवाला किलोवर घेतो.
आमच्याकडं घनसाळ. शेजारच्या घरात भात शिजला तर आपल्या घरात कळायचं. 2016 ला आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या आधी बाजारात दुसराच तांदूळ घनसाळ म्हणून खपवलेला बघून वडिलांचा जीव तुटायचा. काजूचं पण सांगायचंय, पण आत्ता शेतात आहे, रेंज जाते-येते.

शिकेकाई
आमच्या शाहूवाडीकडं रोकडा पैसा म्हणजे हिरडा. बाळहिरडा वाळवला की त्याला भाव जास्त. आम्ही सगळी भावंडं डोंगरात, आईच्या पदराला गाठ मारून त्यात हिरडा. आठवड्याच्या बाजाराला पोतं घेऊन गेलो की व्यापारी तागडी स्वतः धरायचा. घरी मोजलेलं आणि तिथं भरलेलं कधी जुळलं नाही. आईला वाचता यायचं नाही. मी तिसरीत होते, मला काट्याचं कळत होतं पण बोलायची हिंमत नव्हती. ताई, तुमच्या आजोबांनी शीग लावून दिलं ना, ते वाचून फार बरं वाटलं. असं करणारं पण कुणीतरी होतं.

गंगावेशीतली
शिकेकाई, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तिसरीतल्या पोरीनं काय बोलायचं होतं गं? तो मोठ्यांचा अपराध.

सातेरी
पाटगाव. वडिलांच्या मधाच्या पेट्या. बाटलीला कागदाचं बूच, लेबल वगैरे काही नाही. आता आमचं गाव मधाचं गाव म्हणून ओळखतात, लोक विचारत येतात. वडील असते तर हरखून गेले असते.

लाल डबा
पाटगावचा मध आमच्याकडं फक्त खोकला झाल्यावर निघायचा. चमचाभर. आजी उरलेला चमचा स्वतः चाटायची नाही, आम्हाला द्यायची 😊

एक कप
हॉटेलांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या गावात चहाचं हॉटेल म्हणजे चार बाकडी, भजी, आणि वेगळ्या ठेवलेल्या कपबशा. माझ्या आज्ज्याला बाहेर उभं राहून, त्या वेगळ्या कपातनं प्यावा लागायचा. म्हणून आमच्या घरात गंगाराम कांबळ्यांची गोष्ट देवासारखी सांगितली जाते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारलं होतं. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं थांबून चहा घेतला, सोबतच्या लोकांनाही घ्यायला लावला. महाराजांनी पन्हाळ्याला चहा-कॉफीची लागवडही करून बघितली होती. आज्जा म्हणायचा, चहाची किंमत महाराजांनाच कळली.

करवंदाची जाळी
आले परत. एक कप, हे वाचून काम सुचेना. आमच्या आईच्या चुलीजवळ सगळे एकाच पंगतीत बसायचे, पण आजीच्या काळात तसं नव्हतं. हे मी कधी घरात विचारलंच नाही. आज विचारणार.

मु. पो. आजरा
रेंज आली. काजू राहू दे. एक कप, तुमच्या आज्ज्याला नमस्कार.

इरलं
भुईबावडा घाट चालू आहे का आत्ता? रविवारी वैभववाडीला जायचंय.

लाल डबा
इरलं, करूळचं पण विचारून निघा. पावसात सकाळी चालू असतो आणि दुपारी दरड. नाव वाचून आठवलं, रोप लावताना आई इरलं पाठीवर घेऊन वाकायची ते लांबनं कासवांची रांग चालल्यासारखं दिसायचं.

इरलं
हो ना! आमचा बुरूड शेजारीच. मेमध्ये त्याच्या दारात इरल्यांचा ढीग लागायचा, भाताच्या बोलीवर न्यायचे लोक. प्लॅस्टिकचा कागद आला आणि दोन-चार वर्षांत त्याचं दार रिकामं झालं. नंतर तो नुसत्या बुट्ट्या आणि सुपं विणायचा.
आणि दादा, माझे वडील एसटीत कंडक्टर होते. गगनबावड्याला नाही, राधानगरीच्या गाडीला. डबे ते पण आणायचे. सांडू नयेत म्हणून पायाशी दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून घ्यायचे. एकदा कुणाचं तरी कालवण सांडलं तर त्या पोराला स्टँडवर स्वतःचा डबा दिला आणि दिवसभर चहावर राहिले. हे आईनं सांगितलं, ते कधी बोलले नाहीत.

लाल डबा
त्यांना पाया पडतो माझ्याकडनं.

शिकेकाई
गंगावेशीतली ताई, तुम्ही "लिहायला बसलो" लिहिलंय ते वाचून माहेरी आल्यासारखं झालं. इकडं पुण्यात मी असं बोलले की सगळे वळून बघतात. मापटं कशानं घासलं?

गंगावेशीतली
चिंच आणि मीठ. कोर निघाली बघ छान. पोचा तसाच ठेवला, तो आजोबांच्या हातनं पडल्याचा आहे. आज संध्याकाळी त्यातच तांदूळ मोजला. नात म्हणाली, आजी, वर डोंगर कशाला केलास? म्हटलं, शीग म्हणतात त्याला. आता ती सगळ्या घरभर वाटीत काय काय भरून शीग लावत फिरतीय.