'इनकमिंग' ठेवलं तरी समोरच्याचाच मजकूर उडाला, असं कसं?

गडवाटा_संपादक
नमस्कार, आम्ही पाच जण मिळून गडकिल्ल्यांच्या माहितीची साइट चालवतो. ह्यूगोवर आहे (फायलींपासून साइट बनवणारं साधन), मजकूर सगळा मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींमध्ये, रेपो, म्हणजे गिटनं बदलांचा इतिहास ठेवलेला फायलींचा साठा, गिटहबवर. मी प्रोग्रामर नाही, मजकूर बघते, पण पुल-पुश, म्हणजे सर्व्हरवरचे बदल उतरवणं आणि आपले चढवणं, एवढं जमतं. रविवारी एका गडाच्या पानावर मी एसटीच्या वेळा बदलल्या आणि त्याच परिच्छेदातली दोन वाक्यं जरा सुटसुटीत केली. त्याच दिवशी आमच्यातला एक जण गडावरून उतरला आणि त्यानं लिहिलं की टाक्यातलं पाणी आता पिण्यासारखं राहिलेलं नाही, खालच्या गावातूनच भरून न्या. त्यानं आधी पुश केलं. मी पुल केल्यावर कॉन्फ्लिक्ट आला (एकाच जागी दोघांचे बदल), व्हीएस कोड या एडिटरमध्ये हिरवी आणि निळी पट्टी दिसली. मला वाटलं पाण्याचं जास्त महत्त्वाचं आहे, माझ्या वेळा काय मी परत टाकेन, म्हणून ॲक्सेप्ट इनकमिंग दाबलं, कारण इनकमिंग म्हणजे बाहेरून आलेलं, म्हणजे त्याचं, बरोबर ना? मग कंटिन्यू, पुश. आज बघते तर साइटवर माझ्या वेळा जशाच्या तशा आणि त्याचं पाण्याचं वाक्य गायब, जुनं 'पाणी पिण्यायोग्य आहे' तेच पुन्हा उभं. चार दिवस ते तसंच होतं हो. ते वाचून कुणी एकच बाटली घेऊन चढलं असेल तर, हे डोक्यातून जात नाहीये. असं उलटं कसं झालं आणि त्याचं लिहिलेलं परत कसं मिळवू?

टर्मिनलवाला
ताई, आधी धीर धरा, त्याचं लिहिलेलं कुठेही गेलेलं नाही. त्यानं पुश केलं होतं म्हणजे त्याची कमिट, नोंदवलेला बदल, इतिहासात आहे, तुमची कमिट फक्त तिच्यावर चढली. गिटहबवर ती फाइल उघडा, हिस्टरी दाबा, त्याची रविवारची कमिट सापडेल, त्यातलं पाण्याचं वाक्य कॉपी करून आजच्या फाइलीत चिकटवा आणि नवी कमिट करा. तुमची कमिट रिव्हर्ट (उलटवणं) वगैरे करू नका, नाहीतर एसटीच्या वेळाही जातील. हे आत्ता करा, बाकीचं नंतर वाचा.

आता उलटं का झालं. तुमच्या मशिनवर पुल करताना रिबेस होईल अशी सेटिंग कुणीतरी करून ठेवलेली दिसतेय. 'कंटिन्यू' म्हणालात तिथेच शंका आली. साध्या मर्जमध्ये, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, करंट म्हणजे तुमचं आणि इनकमिंग म्हणजे सर्व्हरवरून आलेलं. रिबेसमध्ये गिट काय करतं, तुमच्या कमिटा बाजूला काढून ठेवतं, आधी सर्व्हरवरचं सगळं मांडतं आणि मग तुमच्या कमिटा एकेक करून त्याच्यावर लावतं. म्हणजे त्या क्षणी जमिनीवर त्याचं लिखाण असतं, ते झालं करंट, आणि वरून येऊन पडतं ते तुमचं, ते इनकमिंग. तुम्ही मनापासून त्याचं ठेवायला गेलात आणि ठेवलं तुमचं. हे भल्याभल्यांचं होतं, मी स्वतः एकदा सहकाऱ्याचं दिवसभराचं काम असंच झाकून टाकलंय.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, मजकुराच्या फाइलीत ती ॲक्सेप्टची बटणं वापरूच नका. कॉन्फ्लिक्टच्या खुणांमधली दोन्ही बाजूंची वाक्यं वाचा आणि तिसरं, नीट वाक्य स्वतः लिहा, मग खुणा पुसा. आणखी एक, गिटच्या कॉन्फिगमध्ये मर्जची कॉन्फ्लिक्ट-स्टाइल 'डिफ३' करून घ्या. मग दोन बाजूंच्या मध्ये मूळ मजकूरही दिसतो, दोघांनी हात लावायच्या आधीचा. तुमच्या बाबतीत मूळ वाक्य 'पिण्यायोग्य आहे' असं मध्ये दिसलं असतं, तुमच्या बाजूला तेच आणि त्याच्या बाजूला वेगळं, म्हणजे पाण्याचं कुणी बदललंय ते लगेच कळलं असतं. आणि गोंधळ उडाला तर रिबेस अबॉर्ट म्हणजे रद्द करायचं, सगळं पुलच्या आधी होतं तसं होतं.

लेखणी_आणि_लॅपटॉप
वरचं सगळं बरोबर, पण मुळात कॉन्फ्लिक्ट आला कशामुळे ते पण बघा. एसटीच्या वेळा आणि टाक्याचं पाणी यांचा एकमेकांशी काय संबंध? काहीच नाही. पण गिट ओळीच्या हिशोबानं बघतं आणि आपण अख्खा परिच्छेद एका ओळीत लिहितो, एंटर थेट परिच्छेद संपल्यावर. म्हणजे दीडशे शब्दांची एक ओळ, त्यात कुणी वेलांटी बदलली तरी ओळ बदलली. आम्ही आमच्या ग्रंथालयाच्या साइटवर एक वाक्य एक ओळ असा नियम केला. मार्कडाउनमध्ये साधा एंटर पानावर दिसत नाही, ओळी जोडूनच येतात, फक्त ओळीच्या शेवटी दोन स्पेस राहू देऊ नका. लगतच्या ओळी दोघांनी बदलल्या तर तरीही कॉन्फ्लिक्ट येतो, पण तो दोन ओळींचा असतो, डोळ्यांत मावतो. जुन्या फायली अशा तोडायच्या तर सगळ्यांचं काम पुश झालेलं असताना एकाच माणसानं वेगळ्या कमिटमध्ये तोडा, नाहीतर तोच एक मोठा कॉन्फ्लिक्ट होईल.

आणि मराठीवाल्यांसाठी खास, कधीकधी दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसतात आणि तरी गिट भांडण लावतं. आम्ही एक अख्खी दुपार 'जाणाऱ्या' आणि 'जाणार्‍या' यांच्याकडे बघत बसलो होतो. एका कीबोर्डवर तो ऱ्य 'ऱ' या वेगळ्या अक्षरापासून येतो, दुसऱ्यावर साध्या र ला हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला वेगळं. 'ॲप' आणि 'अॅप' चं तेच, पहिल्यात ॲ हे सबंध अक्षर आहे, दुसऱ्यात अ वर चंद्र ठेवलाय. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची प्रक्रिया, चालवूनही ही दोन रूपं एक होत नाहीत, आम्ही करून बघितलं. शेवटी कुठलं रूप वापरायचं ते ठरवलं आणि कमिटच्या आधी शोधा-बदला करणारी छोटी स्क्रिप्ट लावली.

फायलींची नावं मराठीत असतील तर टर्मिनलवर नावाऐवजी \३४०\२४४ असले आकडे दिसतात, त्याला घाबरू नका, कोटपाथ नावाची सेटिंग फॉल्स केली की नावं नीट दिसतात.

पायवाट७
मी वर्डप्रेसवरची साइट बघतो, तिथे २०१३ पासून कुलूप आहे, एकानं लेख उघडला की दुसऱ्याला 'अमुक जण एडिट करतायत' असं दिसतं. पाच जणांच्या टीमला गिटचा एवढा व्याप कशाला? व्हॉट्सॲपवर 'हे पान माझ्याकडे' टाका, झालं.

टर्मिनलवाला
टाकतात हो, पण 'सोडलं' टाकायला विसरतात, मग पान आठवडाभर अडकून बसतं. त्यापेक्षा वारंवार बदलणारं वेगळं काढा. ह्यूगोत डेटा नावाचं फोल्डर असतं, एसटीच्या वेळा, पाण्याची स्थिती तिथे ठेवा, एका गडाला एक फाइल, पाण्याला तारखेसकट एक ओळ. वर्णनाच्या फाइलीला मग महिनोन्महिने कुणाचा हात लागत नाही.

गडवाटा_संपादक
सगळ्यांचे मनापासून आभार. हिस्टरीत त्याचं वाक्य जसंच्या तसं सापडलं, सकाळीच टाकलं. रिबेसची सेटिंग खरंच होती, लॅपटॉप ज्यानं लावून दिला त्यानं केलेली. चिकटवायच्या आधी त्याला फोन केला, म्हटलं तुझं वाक्य असं असं आहे, टाकू ना. तर तो म्हणाला थांब, मी एकाच टाक्याबद्दल लिहिलं होतं, वरच्या अंगाला दुसरं एक आहे, त्यातलं गावकरी अजून पितात, ते लिहायचं राहिलं होतं. म्हणजे माझंही अर्धवट आणि त्याचंही. आता दोन टाकी, दोन ओळी, दोन्हींच्या पुढे तारीख. डेटाच्या फाइलीचं रविवारी सगळे बसून करतोय, 'ऱ' चं पण तेव्हाच ठरवू.