मदत हवी आहे: एम६एची अँटिबॉडी साध्या आरएनएलाही चिकटतेय

मंडळी, स्वतःचं डोकं चालवून दमले, आता तुम्हालाच विचारते.

आरएनएमधल्या एन६-मिथाइलअ‍ॅडेनोसिनविरुद्ध (एम६ए, म्हणजे मिथाइल गट लागलेलं अ‍ॅडेनोसिन) सशात पॉलिक्लोनल अँटिबॉडी (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) तयार केली आहे. असं सुटं न्यूक्लिओसाइड (आरएनएचा एकच घटक) इतकं चिमुकलं की सशाची प्रतिकारयंत्रणा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून ते बीएसएला (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे मोठं प्रथिन) जोडलं. रीत १९६४ सालची, जुनीच: पेरिआयोडेटने रायबोजचं कडं उघडायचं, तयार झालेले अल्डिहाइड प्रथिनातल्या लायसिनला धरतात, मग बोरोहायड्राइडने तो बंध पक्का करायचा. एलायझात (प्लेटवर अँटिबॉडी मोजायची चाचणी) टायटर, म्हणजे सीरममधल्या अँटिबॉडीचं प्रमाण, झकास आलं.

डॉट ब्लॉट केला (पडद्यावर आरएनएचे ठिपके ठेवून अँटिबॉडी कुठे चिकटते ते बघितलं) आणि सगळं मुसळ केरात. पेशींतून काढलेल्या आरएनएचा ठिपका दिसतो, ते ठीक. पण टी७ पॉलिमरेजने नळीत बनवलेल्या, एकही मिथाइल नसलेल्या आरएनएचा ठिपकाही तितकाच काळा! मिथिलीन ब्लूने बघितलं, दोन्हीकडे आरएनए सारखाच आहे. वर अख्खा पडदा करडा. ब्लॉकिंग (पडद्याची मोकळी जागा प्रथिनाने झाकणं) बीएसएनेच केलं होतं. गाईडचं म्हणणं, पुन्हा ससे टोचा. मला तो शेवटचा उपाय वाटतो. सीरम वाचवता येईल का?

प्रतिसाद १:
एलायझाच्या प्लेटवर काय लावलं होतं? तोच बीएसए जोड असेल तर ते टायटर विसरा, त्यात बीएसएविरुद्धच्या अँटिबॉडी किती हे कळणारच नाही. करड्या पडद्याचं कारणही तेच, त्या अँटिबॉडी ब्लॉकिंगच्या बीएसएला चिकटतात. प्लेटसाठी ओव्हॅल्ब्युमिनचा जोड करा. ब्लॉकिंगला दूधही नको, त्यातही तेच अल्ब्युमिन असतं.
काळा ठिपका मात्र वेगळं दुखणं. सीरम आधी साधं अ‍ॅडेनोसिन बसवलेल्या कॉलममधून सोडा, म्हणजे त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडी तिथेच अडकतील; न अडकता उतरेल ते एम६ए बसवलेल्या कॉलमवर धरा. मग स्पर्धा लावून बघा: सुटं अ‍ॅडेनोसिन वाढवत नेल्यावर ठिपका फिका पडायला नको, सुट्या एम६एने पडायला हवा.
एवढं करूनही आरएनएच्या सुरुवातीच्या टोकावरच्या टोपीशेजारचं एम६एएम (रायबोजवर आणखी एक मिथाइल असलेलं एम६ए) वेगळं ओळखू येणार नाही, ते गृहीतच धरा. यात तुम्ही एकट्या नाही. एम१एची (दुसऱ्या जागी मिथाइल असलेलं अ‍ॅडेनोसिन) बाजारातली एक अँटिबॉडी टोपीतल्या एम७जीलाही (मिथाइल लागलेलं ग्वानोसिन) चिकटते, हे २०१९ मध्ये उघड झालं.

धागाकर्ती:
हो, तोच जोड होता. 🤦 कॉलम सोमवारी लावते. निरुपयोगी अँटिबॉडीच जास्त निघाल्या आणि हाती काहीच उरलं नाही तर पुन्हा इथेच येईन.