आधी तळघरातलं कपाट सरकवून बघा

इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं जॉर्जियन, म्हणजे साधारण अठराव्या शतकातलं घर, वर चार मजले आणि तळघरात वेगळ्या दाराचा फ्लॅट, असं घर घ्यायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. फोटो सुरेख असतील, पण ताज्या रंगावर भुलू नका. आम्ही असंच एक घर बघायला गेलो होतो. तळघरातलं कपाट जरा पुढे ओढलं तर मागे मिठासारखी पांढरी पूड, आणि बोट लावताच गिलावा भुरभुर खाली; ही ओलीची खूण. या दगडी भिंती आपल्या वाड्यांसारख्या चुन्यातल्या. त्यांवर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते.

घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा इमारतींच्या यादीत असेल तर झालेल्या बदलांची परवानगी वकिलाकडून तपासून घ्याच. आधीच्या मालकाने विनापरवाना भिंत पाडली असली, तरी पूर्ववत करण्याची नोटीस तुम्हाला येऊ शकते, कितीही वर्षांनी.

स्वतंत्र फ्लॅटला कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, सहसा वेगळा लागतो. पण तिथे तुमच्यावर अवलंबून असलेले आईबाबा राहणार आणि ते ६५च्या वर असतील, तर सूट मिळू शकते. अर्ज जरूर करा. आणि त्यांना सोबत नेऊन बाहेरच्या दगडी पायऱ्या एकदा पावसात उतरून बघा.