‘मोडीत निघणे’ या वाक्प्रचाराचा मोडी लिपीशी संबंध आहे का?

प्रश्न:
बंद पडलेल्या किंवा वापरातून गेलेल्या गोष्टीला आपण ‘मोडीत निघाली’ असे म्हणतो. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यास व्यवहारातून गेली, त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला, असे एका ज्येष्ठ नातेवाइकांनी मला सांगितले. हे बरोबर आहे का? आणि ‘नामशेष’ हा त्याचा समानार्थी शब्द मानावा का?

प्रतिसाद १:
वाक्प्रचार लिपीवरून आलेला नाही. तो तांबटाच्या दुकानातला आहे. फुटक्या, चेपलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांना तिथे ‘मोड’ म्हणतात. माझ्या आजीने गळका बंब दिला, तेव्हा दुकानदाराने तो तराजूत घातला, मोडीच्या भावाने त्याची किंमत धरली आणि नव्या पातेल्याच्या पैशांतून ती वजा केली, हे मी लहानपणी पाहिले आहे. ही ‘मोड’ स्त्रीलिंगी, म्हणून भिंत–भिंतीत तसे मोड–मोडीत. मटकीला येणारा मोड मात्र पुल्लिंगी आहे. लिपीचेही ‘मोडीत लिहिलेले पत्र’ असेच रूप होत असल्यामुळे हा गैरसमज होत असावा.

प्रतिसाद २:
‘नामशेष’ समानार्थी मानू नये. ज्याचे केवळ नाव शेष उरले ते नामशेष. मोडीत निघालेल्या वस्तूचा आकार जातो, पण धातू उरतो आणि त्याला भावही येतो. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे उदाहरण घ्या. ती १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली, पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना या जहाजे तोडण्याच्या ठिकाणी तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही अंश नंतर एका मोटारसायकलीच्या घडणीत वापरला गेला. ती शब्दशः मोडीत निघाली. याउलट, १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले, त्याला ‘नामशेष’ हाच शब्द हवा. ‘चित्ता मोडीत निघाला’ असे कोणी म्हणणार नाही.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. मग २०१३ मध्ये बंद झालेल्या तारसेवेला काय म्हणावे?

प्रतिसाद १:
‘इतिहासजमा’. त्यातला ‘जमा’ मूळचा अरबी आणि आपल्याकडे जमाखर्चाच्या वहीत रुळलेला. तारयंत्रे मोडीत गेली असतील, सेवा मात्र इतिहासाच्या खात्यावर जमा झाली. मोडी लिपीला यांपैकी कोणताही शब्द लावू नये, अशी माझी विनंती आहे; पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, आजही तीच लिपी शिकून वाचावे लागतात.