उत्तर: किमान पगार ठरलेला आहे, मग रडणं कशाला?

वर एका भाऊंनी लिहिलंय की ऑस्ट्रेलियात जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टर) ट्रेनिंगवाल्यांना किमान पगार ठरलेला आहे, मग तक्रार कशाची. ठरलेला आहे, मान्य. पण तो नुसता आकडा नाही न, बेस पगार किंवा स्वतः तपासलेल्या पेशंटच्या बिलांचे 44.79 टक्के, यातलं जे जास्त ते. माझी मावसबहीण, आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजचीच, ऑस्ट्रेलियात रजिस्ट्रार (म्हणजे ट्रेनिंगमधली डॉक्टर) आहे, सांगून राहिली होती की सुरुवातीला टक्केवारीचा काही उपयोगच होत नाही, कारण नवीन माणूस हळू चालतो, एका आजोबांच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग अन् त्यांच्या सात गोळ्यांची यादी करण्यातच अर्धा-पाऊण तास गेला अन् बिल झालं एकाच भेटीचं. बरं, या ट्रेनिंगसाठी हॉस्पिटल सोडून खाजगी क्लिनिकात गेलं की साठलेली रजाही सोबत येत नाही. ते तिला जास्त लागलं, पगारापेक्षा.

अन् आपल्याकडचं म्हणाल तर नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी कॉलेजांतल्या इंटर्नचं विद्यावेतन 11 हजारावरून 18 हजार व्हायला 2024 उजाडलं, तेही संपाच्या धमक्या देऊन देऊन.