विषय: गणपतीत फूड बँकेसाठी डबे गोळा करणे

सर्व सभासदांना नमस्कार,
यंदाच्या उत्सवात हॉलच्या दाराशी पिंप ठेवून फूड बँकेसाठी (गरजूंसाठी अन्न गोळा करणारी संस्था) डबाबंद पदार्थ गोळा करावेत, असं कार्यकारिणीत ठरत आहे. सूचना असल्यास कळवा.
– सचिव

---

सचिवसाहेब,
पिंप जरूर ठेवा. पण फूड बँक घाऊक भावात माल घेते, त्यामुळे आपण दुकानातून आणलेल्या डब्यांपेक्षा तेवढ्याच रकमेचा चेक त्यांच्या जास्त कामाचा. आणि खरी अडचण वेगळीच आहे.

मी इथे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या एका पँट्रीत, म्हणजे गरजूंना किराणा फुकट वाटतात त्या ठिकाणी, मदतीला जातो. सुपरमार्केटवाले रोज पाव, दूध, दही, चिरलेल्या भाज्यांची पाकिटं शेल्फवरून काढतात. बहुतेकदा कारण एकच, तारीख. बाळांच्या फॉर्म्युला दुधाखेरीज कशावरही तारीख छापायची सक्ती अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नाही. 'सेल बाय' तर दुकानाने माल कधीपर्यंत शेल्फवर ठेवावा यासाठी असते, आणि आपण ती बघून दूध ओततो! कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून गिऱ्हाइकाला दिसेल अशी 'सेल बाय' छापायला बंदी आहे.

दान केलं तर कोर्टात खेचतील, ही दुकानदारांची भीतीही जुनी. १९९६च्या बिल इमर्सन कायद्याने चांगल्या हेतूने देणाऱ्याला संरक्षण दिलं. २०२२ पासून तर आपल्या राज्यात एसबी १३८३ या कायद्याखाली मोठ्या दुकानांना खाण्याजोगा उरलेला माल द्यावाच लागतो. संस्थेशी लेखी करार, किती पौंड दिला त्याची नोंद, सगळं आलं.

म्हणजे माल आहे, कायदा आहे. नाही तो सकाळी गाडी घेऊन जाणारा माणूस. माल उचलायला कोणी गेलं नाही की दही कचऱ्यात. मंडळाने आठवड्यातल्या दोन सकाळी सांभाळल्या तर पिंपापेक्षा त्याचं मोल जास्त.

---

आमच्याकडे आईबाबा आले आहेत, त्यांचाही प्रश्न: गाडीत दही नासून कोणी आजारी पडलं तर? आणि आपल्या देशी दुकानांचं काय? महाप्रसादाचं उरतं ते देता येईल का?
– मिलपिटासची काकू

---

काकू, थंड माल ४१ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचा नाही. इन्सुलेटेड पिशव्या आणि थर्मामीटर आमच्याकडे आहेत. देशी दुकान लहान दिसलं तरी किराणा-भाजीपाला सगळं ठेवत असेल आणि वर्षाची विक्री २० लाख डॉलर किंवा जास्त असेल, तर कायद्याच्या व्याख्येत तेही सुपरमार्केटच. काउंटरवर एकदा विचारून बघा. दान घेणारी संस्था कोणती, हेच अनेक मालकांना ठाऊक नसतं. आमच्याकडे येणाऱ्यांत शाकाहारी आजी-आजोबा बरेच असतात, त्यांना टूना देऊन काय उपयोग? डाळ-तांदूळ मिळाला तर बरं.

घरी रांधलेलं आम्ही घेत नाही. परवानाधारक केटररकडचं, वाढायला न काढलेलं आणि लगेच थंड केलेलं असेल तर आधी फोन करा.

---

मंगळवारी मी जाऊ शकेन. गाडी मोठी आहे, पण ९ला मीटिंग असते, त्याआधी उरकेल का? गुरुवारसाठी कोण?
– खजिनदार

---

८:३०पर्यंत होतं. गुरुवार मोकळा आहे, कोणी तरी नाव द्या.